सांध्यावरचे डोळे

(महाळुंगे येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्या मिस्त्रीकाकांच्या घरी मी आज दुपारी गेलो होतो. काकांना मी एकदाच भेटलो, आणि तेही ते अंथरुणाला खिळल्यावर. त्यांच्या मुलाने माळ्यावरून एक लाकडी वस्तू काढली, पंच्याने पुसली आणि माझ्या हातात दिली. पंपाच्या बॉडीचा सागवानी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा उठवायचा तो नमुना. दोन अर्ध्या भागांचा, डावेलवर नेमका बसणारा. भाग वेगळे केले तेव्हा आतल्या सपाट बाजूवर पेन्सिलची एक रेघ दिसली. मुलगा म्हणाला, "बाबा नवीन पोराला आधी हीच रेघ काढायला लावायचे. पहिली रेघ पार्टिंगची, बाकी सगळं मागनं."

मी आज बोलणार आहे ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी कांस्यभांड्यांवरच्या अद्भुत प्राण्यांविषयी. चाकण पट्ट्यातल्या या गावात हा विषय का, असे शिफ्ट सुटल्यावर डबा हातात घेऊन थेट इथे आलेल्या काहींच्या मनात आले असेल. या प्राण्यांवर पुस्तके पुष्कळ आहेत. ती वाचून जी गोष्ट कळायला मला बरीच वर्षे लागली, ती ज्याने कोप आणि ड्रॅग, म्हणजे साच्याचे वरचे आणि खालचे अर्धे, एकमेकांवर बसवले आहेत त्याला एका मिनिटात कळते. म्हणून हा विषय मला इथेच मांडायचा होता.

आधी भांडे डोळ्यांसमोर आणू. शांघायचे संग्रहालय आहे, त्याची इमारतच एका प्राचीन भांड्याच्या घाटाची बांधली आहे. त्या भांड्याला 'तिंग' म्हणतात. तीन पाय, गोल पोट आणि काठावर उभे दोन कान. आपल्याकडची तिवई आणि पातेले एकत्र ओतले तर जे होईल ते. यात मांस शिजवून पितरांना नैवेद्य दाखवायचा. शांग राजवंशाच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते १०४६ या काळात, असे तिंग, मद्याची पात्रे, धान्याची पात्रे शेकड्यांनी ओतली गेली. आज ती हिरवी दिसतात, कारण तीन हजार वर्षे मातीत राहून ती कळकली आहेत. ओतली तेव्हा ती चिंचेने घासलेल्या तांब्यासारखी झळाळत होती.

त्या तिंगच्या पोटासमोर उभे राहिले की आधी दोन डोळे दिसतात. बाकी काही कळायच्या आत डोळे. मग डोळ्यांवरची वळलेली शिंगे, मध्ये नाकाची उभी कड, खाली वरचा जबडा आणि बाहेर वळलेले सुळे. खालचा जबडा नाही. मान नाही. चेहरा कोणाचा म्हणावा? शिंगे बैलाची म्हणावीत तर सुळे वाघाचे आहेत. या चेहऱ्याला 'थाओथिए' म्हणतात. त्याच्या शेजारी एका पायाचा, नुसता बाजूने दिसणारा सर्पासारखा प्राणी असतो, तो 'क्वेइ'. उरलेली सगळी जागा चौकोनी वेटोळ्यांच्या बारीक नक्षीने भरलेली.

आता थोडा वेळ त्या चेहऱ्याच्या मधल्या नाकाच्या कडेवर बोट ठेवा. डावा अर्धा हाताने झाका. उजवीकडे काय उरते? एक डोळा, एक शिंग, एक पाय आणि मागे वळलेली शेपटी. म्हणजे बाजूने दिसणारा एक पूर्ण प्राणी. उजवा झाकला की डावीकडे तसाच दुसरा. दोन प्राणी नाकाला नाक लावून उभे आहेत, आणि दोघांचा मिळून समोरून पाहणारा एक चेहरा झाला आहे. ज्या रेघेवर ते भेटतात ती रेघ कसली, हे तुम्ही ओळखले असेल. अनेक भांड्यांवर ती साच्याच्या दोन तुकड्यांचा सांधा आहे. काकांची पार्टिंग लाइन.

शांग काळातले ओतारी काम कसे करत, ते सांगतो. प्रथम मातीचे पूर्ण भांडे घडवायचे. हा झाला पॅटर्न. त्याच्यावर ओली माती थापून ती तुकड्यातुकड्यांत कापून काढायची. हे बाहेरचे साचे. नक्षी मूळ भांड्यावर किंवा या तुकड्यांच्या आतल्या बाजूला कोरायची. मग मूळ मातीचे भांडे वरून तासायचे. जेवढी जाडी तासली तेवढी धातूची जाडी. तासून उरलेला मातीचा गोळा म्हणजे कोअर, भांड्याच्या पोकळीचा गाभा. पॅटर्नचाच कोअर करणारी ही युक्ती ऐकून समोरचे काही चेहरे उजळलेले मला दिसताहेत. मग सगळे तुकडे भाजून कोअरभोवती जुळवायचे, मध्ये अंतर राहावे म्हणून काशाचे बारके तुकडे ठेवायचे, आणि बहुतेक वेळा भांडे उलटे धरून रस ओतायचा. ते बारके तुकडे आज एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतात. तुम्ही त्यांना चॅपलेट म्हणता. फाउंड्रीत आजही कोअर तोलायला ते वापरतात. म्हणजे तुमच्या हातातल्या एका खुंटीला तीन हजार वर्षांचा इतिहास आहे.

साचा तुकड्यांचा असला की सांध्यात रस शिरणार आणि कड उमटणार. तुमच्याकडे ती फेटलिंगमध्ये घासून टाकतात. शांग ओताऱ्यांनी पुढे पुढे वेगळा मार्ग धरला. त्यांनी सांध्यावर मुद्दामच एक ठळक, दातेरी पट्टी उभी केली. तुकडे केसभर इकडेतिकडे झाले तर ते या पट्टीत जिरते, असे अनेक अभ्यासक मानतात. तीच पट्टी थाओथिएचे नाक झाली. जिथे काम चुकण्याचा धोका सर्वांत जास्त, तिथेच त्यांनी त्या प्राण्याचा कणा उभा केला.

हे काम लहानसहान नव्हते. १९३९ साली चीनमधल्या आनयांग शहराजवळ सापडलेल्या एका चौकोनी तिंगचे वजन ८३२ किलोंहून जास्त आहे. उंची १३३ सेंटीमीटर. एवढा रस एका मुशीत मावत नाही. अनेक भट्ट्या एका वेळी तयार ठेवाव्या लागल्या असणार आणि हाकेसरशी अनेक हात हलले असणार. १९७६ साली त्याच आनयांगला फू हाव या राणीची कबर चोरांच्या तावडीतून वाचलेली, जशीच्या तशी सापडली. ही राजा वू तिंगची राणी, इसवी सनापूर्वी १२०० च्या सुमाराची. हाडांवर कोरलेल्या त्या काळच्या लेखांत ती सैन्य घेऊन लढायला गेल्याच्या नोंदी आहेत. तिच्या कबरीत ४६८ कांस्यवस्तू होत्या, त्यांत घुबडाच्या आकाराच्या मद्यपात्रांची एक जोडी. आणि जवळपास सात हजार कवड्या. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ पाहणाऱ्या आपल्याला त्या कवड्या परक्या वाटू नयेत.

पुढे सहासातशे वर्षांनी शान्सी प्रांतातल्या होउमा या गावी तर अख्खी ओतशाळांची वसाहत उभी राहिली. तिथल्या उत्खननात साच्यांचे तीस हजारांहून अधिक तुकडे निघाले. एकदा कोरलेल्या नक्षीच्या ठोकळ्यावरून पुन्हा पुन्हा मातीच्या पट्ट्या उठवायच्या आणि त्या वेगवेगळ्या भांड्यांच्या साच्यांत बसवायच्या. एक पार्ट, अनेक मॉडेल. इथल्या कुठल्याही कारखान्याला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. तिथे प्राण्यांची वेटोळी एकमेकांत इतकी गुंतली की कुठला पाय कोणाचा हे शोधावे लागते.

मग प्रश्न येतो तो अर्थाचा. हा प्राणी म्हणजे काय? यावर जाणकारांत मोठा वाद झाला. माक्स लोअर यांनी १९५३ साली आनयांगच्या कांस्यशैलींचे पाच टप्पे दाखवले. त्यांचे म्हणणे असे की आकार एकातून एक उमलत गेले. सुरुवातीला रेघा आणि डोळे होते, प्राणी मागून झाला. म्हणून त्यात ठरावीक धार्मिक अर्थ शोधू नये. च्यांग क्वांगच् यांनी याच्या उलट मांडणी केली. ही भांडी पितरांच्या पूजेची. जिवंत माणूस आणि गेलेले पूर्वज यांच्यामध्ये निरोप्या हवा, आणि तो निरोप्या म्हणजे हा प्राणी.

च्यांग यांचे म्हणणे वाचताना मला पुस्तकी वाटले नाही, कारण मी आपल्या पितृपक्षात वाढलो आहे. पान वाढून गच्चीवर ठेवलेले असते. घरचे सगळे भुकेले, पण कोणी जेवत नाही. आई आभाळाकडे बघत असते. कावळा शिवला की घर सुटकेचा श्वास टाकते. पितरांपर्यंत अन्न न्यायला पक्षी लागतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. शांगांच्या भांड्यावरचे डोळे त्या वाट पाहण्याच्या जागी आहेत, असे मला वाटते.

जपानात क्योतोला आणि फ्रान्समध्ये पॅरिसला जवळजवळ एकसारखी दोन मद्यपात्रे आहेत. मागच्या पायांवर बसलेला वाघ, त्याच्या पुढच्या पंजांच्या मिठीत एक माणूस, आणि माणसाचे डोके वाघाच्या उघड्या जबड्याखाली. वाघ त्याला खातो आहे की सांभाळतो आहे? माणसाच्या चेहऱ्यावर भीती नाही. त्याने वाघाला बिलगून हात टेकले आहेत. शेकडो पानांची चर्चा होऊनही उत्तर ठरलेले नाही. ज्या डोंगरात वाघोबाला देव मानून वाघबारस पाळतात, जो जीव घेतो त्यालाच राखणदार म्हणतात, त्या डोंगरातल्या माणसाला ही दोन उत्तरे वेगळी वाटणार नाहीत.

आता नावाकडे येतो, कारण तिथे आपले घर लागते. 'थाओथिए' हे नाव शांग लोकांनी दिलेले नाही. ते या चेहऱ्याला काय म्हणत याचा लेखी पुरावा नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या एका ग्रंथात मात्र असे येते की शांगांनंतरच्या चौ राजवंशाच्या काळातल्या तिंगवर थाओथिए आहे, त्याला डोके आहे पण धड नाही. तो माणसाला खायला गेला आणि गिळण्याआधीच नाश त्याच्याच अंगावर आला. थाओथिए म्हणजे खादाड, हावरा.

डोके आहे, धड नाही, खालचा जबडा नाही, आणि भुकेने स्वतःचाच नाश केला. हे ऐकून तुम्हाला कोण आठवले? आपल्या जुन्या शिवमंदिराच्या गाभाऱ्यात पाऊल टाकण्याआधी उंबऱ्यावर जो चेहरा असतो, तो. कीर्तिमुख. पुराणातली कथा अशी. जालंधराने राहूला शंकराकडे पाठवून पार्वतीचीच मागणी केली. शंकराच्या क्रोधातून एक भुकेला जीव बाहेर पडला आणि राहूवर धावला. राहू शरण आला. मग खायचे काय? शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. त्याने पाय खाल्ले, हात खाल्ले, पोट खाल्ले. उरला तो चेहरा. शंकर प्रसन्न झाले, त्याला नाव दिले आणि आपल्या दाराशी कायमची जागा दिली.

चीनहून ही कल्पना इकडे आली किंवा इथून तिकडे गेली, असे मी म्हणत नाही. शांग काळ आणि आपली कीर्तिमुखे यांच्यात दीडहजार वर्षांहून मोठी दरी आहे. पण दोन समाजांनी आपापल्या वाटेने हावरेपणाला चेहरा दिला आणि तो तोंडाशी बसवला, हे खरे. एकाने अन्नाच्या भांड्यावर, दुसऱ्याने देवाच्या दारात. आपल्या देवघरातल्या पितळी प्रभावळीच्या अगदी वर बघा, तोच बसलेला असतो. दोन्ही बाजूंच्या मकरांपासून निघालेली कमान वर त्याच्याशी येऊन मिळते. सांध्यावर.

आपल्याकडच्या धातूच्या प्राण्यांविषयी बोलताना दायमाबादला गेलेच पाहिजे. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठचे हे गाव. १९७४ साली तिथे झाडाचे मूळ खोदताना एका गावकऱ्याला चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोंच्या वर. हत्ती आणि रेडा चौथऱ्यांवर उभे आहेत, गेंडा दोन आडव्या दांड्यांवर. रेड्याच्या आणि गेंड्याच्या खाली चाके आहेत, हत्तीची हरवली आहेत. रथ ४५ सेंटीमीटर लांबीचा. अनेक पुरातत्त्वज्ञ त्यांना उत्तर हडप्पा काळातले, म्हणजे चारेक हजार वर्षांपूर्वीचे मानतात. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून डी. पी. अग्रवाल यांनी ते पुष्कळ नंतरचे असावेत अशी शंका घेतली.

हे प्राणी मेणाच्या साच्याने ओतले आहेत. मेणाचा प्राणी घडवायचा, त्यावर माती लिंपायची, तापवून मेण वाहून जाऊ द्यायचे आणि त्या पोकळीत रस ओतायचा. या पद्धतीला जुने नाव मधूच्छिष्टविधान. मधाच्या पोळ्याचे उष्टे, म्हणजे मेण, त्याचे काम. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' ग्रंथात हे सविस्तर लिहून ठेवले. मेण तोलून त्याच्या किती पट धातू घ्यायचा, हेसुद्धा. या साच्याला तुकडे नाहीत, म्हणून सांधाही नाही. दायमाबादचा गेंडा भरीव आहे, अखंड आहे. त्याच्याकडे कोणत्याही बाजूने बघा, तो पूर्ण गेंडाच आहे. मेणाने प्राण्याला अंग दिले आणि तुकड्यांच्या साच्याने त्याला चेहरा दिला, असे म्हणायचा मोह इथे होतो. मीही बरेच दिवस तसे म्हणत होतो.

पण सॅन फ्रान्सिस्कोच्या आशियाई कलासंग्रहालयात एक शांग काळातला गेंडा आहे. मद्याचे पात्र, जेमतेम २३ सेंटीमीटर उंच. अंगावर नक्षीची एक रेघ नाही. जाडजूड पाय, लोंबते पोट, छोटे कान. हुबेहूब जिवंत गेंडा, आणि तोही चिनी ओताऱ्याने केलेला. म्हणजे त्याला खरा प्राणी घडवता येत होता. तरी पिढ्यानुपिढ्या त्याने थाओथिए ओतला. साच्याने त्याला सांधा दिला एवढेच. त्या सांध्यावर काय ठेवायचे हे त्याने स्वतः ठरवले, आणि त्याने डोळे ठेवले.

हे निवडणे मला फार मोलाचे वाटते. काल्पनिक प्राणी अज्ञानातून जन्मतात, जुन्या माणसांनी न पाहिलेले खरे मानले, असे आपण सहज बोलतो. ज्याने वाघ, गेंडा, रेडा हाताने घडवला तो अज्ञानी नव्हता. तो तिथे असा प्राणी ठेवतो, जिथे खरा प्राणी पुरा पडत नाही. असे ठिकाण म्हणजे बहुधा सांधा असतो. साच्याच्या दोन तुकड्यांचा, आत आणि बाहेरचा, जिवंत आणि गेलेल्यांचा.

आत आणि बाहेरचा असा सांधा बघायचा असेल तर इथून नाशिक रस्त्याने नारायणगावपर्यंत जा आणि जुन्नरकडे वळा. शिवनेरीच्या दरवाजांवर शरभ कोरलेले आहेत. पुराणातला शरभ सिंहाहून बलवान, नरसिंहालाही शांत करणारा. आपल्या गडांच्या दरवाजांवर त्याच्या पंजात कुठे हत्तीही दिसतात. तटबंदी दगडाची असते, तिथे प्राणी लागत नाही. तो दारावर लागतो, कारण तट तुटतो तो दारात.

आता एकच गोष्ट सांगून थांबतो. इसवी सनापूर्वी ६०६ साली छू राज्याचा राजा सैन्य घेऊन चौ सम्राटाच्या सीमेपर्यंत आला. सम्राटाने वांगसुन मान नावाच्या मंत्र्याला स्वागताला पाठवले. राजाने त्याला विचारले, तुमच्या राजवंशाकडे नऊ तिंग आहेत म्हणे, ते केवढे आणि किती वजनाचे? प्रश्न साधा नव्हता. तिंग उचलून न्यायचा बेत त्यात होता. मंत्र्याने सांगितले की वजन सत्त्वाचे असते, तिंगचे नसते. आणि ते तिंग कसे झाले हेही सांगितले. दूरदूरच्या प्रदेशांतल्या प्राण्यांची, भुतांची चित्रे काढून आणली गेली, नऊ प्रांतांनी धातू दिला, आणि ती रूपे भांड्यांवर ओतली, अशासाठी की लोक रानात, दलदलीत, डोंगरात शिरतील तेव्हा कशाला भ्यायचे आणि कशाला नाही, हे त्यांना आधीच ठाऊक असावे. अद्भुत प्राणी कशासाठी, याचे मला माहीत असलेले हे फार जुने उत्तर आहे. माणसे ज्या धोक्यात शिरणार आहेत तो आधी ओळखून घ्यायचा, आणि ज्या भांड्यातून पितरांना नैवेद्य दाखवायचा त्याच्यावर तो कोरून ठेवायचा.

तुम्ही रोज धातूत, उष्णतेत, वेगात शिरता. या पट्ट्यात काम किलोवर आणि नगावर मोजले जाते, ते तसेच मोजावे लागते. पण काकांनी नव्या पोराला पहिला धडा दिला तो वजनाचा नव्हता. काम कुठे तुटू शकते ते आधी बघ, तिथे रेघ काढ, आणि मग हात लाव, हा धडा त्यांनी दिला. शांगांच्या ओताऱ्याने त्याच रेघेवर डोळे कोरले.

दुपारी निघताना मी तो सागवानी पॅटर्न परत जोडला आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला सांधा लागला नाही. तरी तो कुठे आहे हे मला आता ठाऊक होते, कारण आतली पेन्सिलची रेघ मी पाहिली होती.

काकांच्या स्मृतीला माझा नमस्कार.